कोण म्हणाले, कुठे लिहिले आहे?

शंका-समाधान : अभ्यासलेखनातील संदर्भ

प्रकल्प सादर करायचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या वर्गांतही क्षेत्रप्रकल्प आले आणि शहापूर-मुरबाडच्या मुलामुलींनी आपल्याच वाडीवर, आपल्याच धरणावर, आपल्याच जत्रेवर लिहायला घेतले. मला याचा मनापासून आनंद आहे. या दोन तालुक्यांविषयी आजवर जे छापले गेले, त्यातले बरेचसे बाहेरून आलेल्यांनी लिहिलेले आहे. आता लिहिणारा इथलाच आहे. त्याचे लिखाण कोणी ‘गावगप्पा’ म्हणून बाजूला सारू नये असे वाटत असेल, तर प्रत्येक विधानामागे ‘हे कशावरून?’ याचे उत्तर तयार हवे. आलेल्या पत्रांपैकी काही निवडून उत्तरे देत आहे. सारख्या शंका एकत्र केल्या आहेत.

शंका : माझा प्रकल्प ठाणे जिल्ह्यातील आदिवासींवर आहे. १८८२चे गॅझेटिअर, २०११ची जनगणना आणि आजची जिल्ह्याची माहिती मी एका तक्त्यात मांडली. मार्गदर्शक म्हणतात, तक्ताच चुकला. संदर्भ तर तिन्ही दिले आहेत.
— पदवीची विद्यार्थिनी, किन्हवली

तुमचे तिन्ही संदर्भ खरे आहेत, पण तिन्ही ठिकाणी ‘ठाणे जिल्हा’ म्हणजे वेगवेगळा मुलूख आहे. १८८२च्या गॅझेटिअरमधल्या ठाण्यात कर्जत आणि पनवेल होते, डहाणू आणि वसईही होते. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ आहे, ती पालघर धरून. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठ तालुके तिकडे गेले. आज ठाण्यात सात तालुके उरले आहेत. आदिवासी वस्ती दाट असलेला मोठा पट्टा पालघरकडे गेल्यामुळे जुन्या आणि नव्या ठाण्यातले आदिवासींचे प्रमाण शेजारी-शेजारी मांडले की वाचणाऱ्याला वाटेल, दहा वर्षांत इथले आदिवासी कुठे नाहीसे झाले! ते कुठेही गेले नाहीत, फक्त रेघ सरकली.

यावर दोन उपाय आहेत. एक, तक्त्याखाली स्पष्ट टीप द्या : ‘२०११चे आकडे अविभाजित ठाणे जिल्ह्याचे.’ दुसरा उपाय मला अधिक आवडतो. जिल्हा सोडा आणि तालुका धरा. शहापूर आणि मुरबाड हे १८८२लाही ठाण्याचेच तालुके होते आणि आजही आहेत. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत तालुक्याचे आणि गावांचे आकडे मिळतात. तालुक्याच्या हद्दीतही गावे इकडेतिकडे होतात, तेव्हा गावांची यादी एकदा ताडून पाहा.

गॅझेटिअरचा संदर्भ नुसता ‘ठाणे गॅझेटिअर’ असा देऊ नका. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा तेरावा खंड ठाण्याचा आहे. त्याचे दोन भाग आहेत, शिवाय चौदावा खंड जिल्ह्यातल्या स्थळांवर आहे. तिन्ही पुस्तके १८८२चीच आहेत. म्हणून खंड, भाग आणि पान ही तिन्ही हवीत. संपादक म्हणून जेम्स कॅम्पबेल यांचे नाव द्या. पुढे याच जिल्ह्याचे नवे गॅझेटिअरही निघाले आहे, त्यामुळे वर्ष गाळले तर दोहोंपैकी कोणते हे कळणारच नाही. संकेतस्थळावर नव्याने टंकलेल्या रूपात वाचले असेल आणि पानांचे क्रमांक नसतील, तर प्रकरण आणि उपशीर्षक लिहा. पान अंदाजाने घालू नका.

शंका : मी कंसात ‘(चापेकर)’ असे लिहिले. बाईंनी लाल शाईने ‘कोणते?’ असे विचारले आहे.
— द्वितीय वर्ष, सरळगाव

बाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. तुमच्या भागावर लिहिताना दोन चापेकर हमखास समोर येतात. ना. गो. चापेकरांनी १९३३ साली ‘बदलापूर’ लिहिले. एका गावाची शेती, जाती, सण, देणेघेणे, बोली यांची इतकी बारीक नोंद मराठीत त्याआधी क्वचितच झाली असेल. मुरबाडच्या अंगणातच बदलापूर आहे, त्यामुळे तुलनेसाठी ते पुस्तक तुम्हाला पदोपदी लागेल. दुसरे ल. ना. चापेकर. त्यांचे सह्याद्रीतील ठाकूर जमातीवरचे इंग्रजी पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९६० साली काढले. आडनाव सारखे, मुलूख जवळचा, विषयही एकमेकांना लागून. वर्ष आणि आद्याक्षरे नसतील तर तुमचा वाचक ठाकरांच्या लग्नविधीची माहिती बदलापूरच्या पुस्तकात शोधत बसेल.

लेखक-वर्ष पद्धतीत ‘(ल. ना. चापेकर, १९६०, पृ. …)’ असे लिहा. एरवी आडनाव आणि वर्ष पुरते. आडनाव सारखे असले की आद्याक्षरे जोडायची, असा त्या पद्धतीचाच नियम आहे. मराठीत कुलकर्णी, जोशी, पाटील, भोईर, पवार यांची संख्या पाहता मी तर म्हणेन, सगळीकडेच आद्याक्षरे लिहा. आणि पान लिहाच. अख्खे पुस्तक दाखवून ‘यात कुठेतरी आहे’ असे सांगणे हे वाचकाला माळशेजच्या पायथ्याशी सोडून ‘वर कुठेतरी धबधबा आहे’ म्हणण्यासारखे आहे.

शंका : आमच्या वाडीतल्या वयस्कर बायकांकडून मी ठाकर लोकांची लग्नातली गाणी आणि झाडपाल्याची माहिती गोळा केली. पुस्तक नाही, लेखक नाही. याचा संदर्भ कसा द्यायचा? मैत्रीण म्हणते, ‘लोकपरंपरा’ लिही आणि मोकळी हो.
— एम.ए. भाग एक, डोळखांब

शंका : वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या. नावे द्यायची की नाहीत?
— समाजकार्याचा विद्यार्थी, मुरबाड

ही दोन पत्रे मी मुद्दाम शेजारी ठेवली आहेत, कारण एकात नाव देणे न्यायाचे आहे आणि दुसऱ्यात न देणे.

आधी डोळखांबच्या पत्राचे पाहू. ‘लोकपरंपरा’ लिहून मोकळे होऊ नका. तुम्हाला ते गाणे परंपरेने येऊन सांगितले नाही. एका विशिष्ट बाईने, एका विशिष्ट दिवशी, स्वतःचे काम बाजूला ठेवून सांगितले. गॅझेटिअर लिहिणाऱ्या साहेबाचे नाव आपण खंड-भाग-पानासह देतो आणि ज्या बाईला दीडदोनशे कडवी तोंडपाठ आहेत तिला ‘एक वृद्ध स्त्री’ करून टाकतो. हे मला पटत नाही. अभ्यासाच्या शिस्तीतही ते बसत नाही, कारण उद्या दुसऱ्या कोणाला तेच गाणे पडताळायचे असेल तर त्याने जायचे कोणाकडे?

म्हणून नोंदवहीत प्रत्येक सांगणाऱ्या व्यक्तीचे पूर्ण नाव, अंदाजे वय, जमात (म ठाकूर की क ठाकूर तेही), वाडी आणि महसुली गाव दोन्ही, तारीख, संभाषणाची बोली, ध्वनिमुद्रण आहे की हाताने टिपले आहे आणि तिथे आणखी कोण बसले होते, हे लिहून ठेवा. शेवटची गोष्ट लहान वाटते, पण सासू समोर असताना सुनेने सांगितलेले गाणे आणि एकटी असताना सांगितलेले गाणे यांत फरक पडू शकतो. मग त्यांना सरळ विचारा : ‘तुमचे नाव पुस्तकात लिहू का?’ बहुतेक जणी हो म्हणतात, आणि हो म्हटले की ते नाव मजकुरातच द्या, परिशिष्टाच्या कोपऱ्यात नको. लिहिता येत नसेल तर तोंडी संमतीही चालते. ती मुद्रणाच्या सुरुवातीला बोलून घ्या.

संदर्भसूचीचे काय, ते तुम्ही कोणती पद्धत धरली आहे त्यावर आहे. एपीए पद्धतीत तुम्ही स्वतः घेतलेली आणि कुठे संग्रहित नसलेली मुलाखत सूचीत येत नाही, कारण वाचक ती मिळवू शकत नाही. ती फक्त मजकुरात, नाव आणि तारखेसह येते. त्याच पद्धतीच्या २०१९च्या सातव्या आवृत्तीत आदिवासी व मूलनिवासी समाजांच्या मौखिक ज्ञानासाठी वेगळ्या सूचना दिल्या आहेत : व्यक्तीबरोबर तिची जमात आणि ठिकाण सांगा, आणि ही माहिती छापायला समाजाची हरकत नाही ना याची खात्री करा. एमएलए पद्धतीत मात्र मुलाखत सूचीतही जाते. महाविद्यालयाने पद्धत ठरवून दिली नसेल तर सूचीच्या आधी ‘माहिती सांगणाऱ्या व्यक्ती’ असा स्वतंत्र तक्ता करा. पद्धत कोणतीही असो, माझ्या मते हा तक्ता असलाच पाहिजे.

झाडपाल्याबाबत आणखी एक. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याखाली ग्रामपंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. तुमच्या गावाची नोंदवही तयार असेल तर ती पाहा. ती लिखित साधन आहे, तिचा संदर्भ देता येतो. औषधाची कृती मात्र सांगणाऱ्याने ‘हे लिहू नको’ म्हटले तर लिहू नका. वनस्पतीचे नाव आणि उपयोग एवढ्यावर थांबा आणि कृती का दिली नाही ते एका ओळीत सांगा.

आता मुरबाडचे पत्र. वीटभट्टीवरच्या कुटुंबाने उचल किती घेतली, मालक हिशेब कसा करतो, मारहाण झाली का, हे सांगितले असेल तर नाव छापणे म्हणजे त्यांना संकटात घालणे. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने बंद आहे, तेव्हा तुमच्या प्रकल्पातली एक ओळ कोणाविरुद्ध तक्रारीचा पुरावाही ठरू शकते, आणि पुढच्या हंगामात त्याच भट्टीवर जायचे असते ते त्या कुटुंबाला. इथे संकेतक्रमांक द्या : ‘मुलाखत क्र. ४, कातकरी स्त्री, वय तिशीच्या आसपास, मुरबाड तालुका, जानेवारी.’ वाडीचे नावही गाळा. वीस घरांच्या वाडीत ‘तीन मुलींची आई’ एवढे म्हटले तरी माणूस ओळखू येतो. क्रमांक आणि खरे नाव यांची जोडयादी वेगळ्या वहीत, फक्त तुमच्याकडे आणि मार्गदर्शकांकडे. मजकुरात एकदा सांगून टाका की नावे सुरक्षिततेसाठी झाकली आहेत. असे केले की संदर्भ कच्चा राहत नाही. क्रमांक आहे, तारीख आहे, मूळ वही आहे आणि विचारणाऱ्याला मार्गदर्शकांमार्फत ती तपासता येते.

महाराष्ट्रात विशेष असुरक्षित गटात मोडणाऱ्या तीन जमातींपैकी कातकरी एक आहेत. त्यांच्यावर लिहिताना जुनी इंग्रजी पुस्तके उघडलीत तर त्यांतली चोरीमारी आणि दारू यांबद्दलची सरसकट वाक्ये तशीच उचलू नका. उद्धृत करायचीच असतील तर लेखकाचे नाव आणि साल वाक्यातच येऊ द्या, म्हणजे ते त्या काळातल्या त्या अधिकाऱ्याचे मत आहे, तुमचे नव्हे, हे वाचताक्षणी कळेल.

शंका : विषय ‘शहापूरचे पाणी आणि मुंबई’. भातसाच्या साठ्याचे दोन सरकारी आकडे मिळाले आणि दोन्ही जुळत नाहीत. बातमीत तर ‘निम्मी मुंबई भातसावर’ असे आहे. कोणता संदर्भ देऊ?
— खर्डी

विषय छान निवडला आहे. उन्हाळ्यात ज्या तालुक्यात टँकर फिरतात त्याच तालुक्यात तानसा आहे, १८९२पासून, आणि भातसाही. अशा विषयावर भावना आपोआप येतात, म्हणून आकडे काटेकोर हवेत.

मुंबई महापालिका रोज सात तलावांचा साठा जाहीर करते. त्यात सातही तलावांची मिळून उपयुक्त साठवण १४,४७,३६३ दशलक्ष लिटर धरलेली असते आणि एकट्या भातसाची ७,१७,०३७. जलसंपदा खात्याच्या तक्त्यात त्याच भातसाचा उपयुक्त साठा ९४२ दशलक्ष घनमीटरच्या आसपास दिसतो. एक दशलक्ष घनमीटर म्हणजे एक हजार दशलक्ष लिटर, म्हणजे महापालिकेचा आकडा ७१७ होतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. धरण राज्य शासनाचे आहे, ते पूर्ण धरणाचा हिशेब ठेवते. महापालिका तिच्या कामाचा साठा मोजते. तेव्हा एक निवडून दुसरा दडवू नका. दोन्ही द्या, प्रत्येकासमोर संस्था, तक्त्याचे नाव, तारीख आणि एकक लिहा. महापालिकेचा अहवाल सकाळी सहाच्या पातळीचा असतो. पावसाळ्यात दिवसभरात साठा बदलतो, म्हणून तीही नोंद करा.

आता ‘निम्मी मुंबई’. ७,१७,०३७ला १४,४७,३६३ने भागले तर ४९.५ टक्के येतात. हा भागाकार तुम्ही केला आहे, महापालिकेने नाही. तेव्हा ‘महापालिकेच्या आकड्यांवरून केलेली आकडेमोड’ असे लिहा. शिवाय हा वाटा साठवणीतला आहे. रोज मुंबईला जाणाऱ्या पाण्यात भातसाचा वाटा किती, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळे साधन हवे. भातसाचे पाणी नदीतून पिसे बंधाऱ्यापर्यंत येते, तिथे उचलले जाते आणि पांजरापूरला शुद्ध होते. पुरवठ्याचा आकडा त्या टप्प्यावरच्या नोंदीतून येईल. बातमीचा संदर्भ जरूर द्या, पण लोक काय म्हणतात, वृत्तपत्रे काय मांडतात हे दाखवायला. बातमीला वृत्तपत्र, आवृत्ती, दिनांक आणि पान हवे. ठाणे आवृत्तीतली बातमी मुंबई आवृत्तीत असेलच असे नाही.

टँकरचे आकडे मिळवायला पंचायत समितीत जाणार असाल तर कागदावरचा जावक क्रमांक आणि दिनांक टिपा. माहितीच्या अधिकारात मिळालेले उत्तर असेल तर अर्जाची तारीख आणि उत्तराचा क्रमांक.

शंका : वैशाखरेमार्गे नाणेघाट चढून गेलो, लेण्यातल्या शिलालेखाचे फोटो काढले. सातवाहनांच्या यज्ञांविषयी लिहिताना ‘संदर्भ : नाणेघाट शिलालेख, प्रत्यक्ष पाहणी’ असे लिहिले. चालेल का?
— इतिहास विभाग, धसई

पाहणीला गेलात याचे कौतुक आहे, आणि ती नोंद ठेवाच. लेख कुठे आहे, कोणत्या भिंतीवर आहे, किती झिजला आहे, एवढ्यापुरता तुमचा फोटो पुरावा आहे. परंतु यज्ञ, दक्षिणा, गायींची संख्या हे तुम्ही भिंतीवरून वाचलेले नाही. ती ब्राह्मी लिपी आणि प्राकृत भाषा कोणीतरी वाचून, तुटलेली अक्षरे जुळवून अर्थ लावला, आणि तो अर्थ तुमच्या वहीत आला. ते श्रम ज्यांचे, त्यांचे नाव हवे.

आणि इथे तर नावांवर बरेच काही अवलंबून आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखातल्या अंकांवर १८७६च्या सुमारास लिहिले. भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात तो अभ्यास पायाभूत मानतात. ब्यूलरचे वाचन १८८३ साली पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम भारतविषयक पाचव्या खंडात आले. पुढे वा. वि. मिराशींनी सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांवरच्या मराठी ग्रंथात त्याचा परामर्श घेतला. लेख अनेक जागी खंडित असल्यामुळे विद्वानांची वाचने सगळीकडे जुळत नाहीत आणि राणी नागनिकेचे नाते, लेखाचा काळ यांवरही वाद झाले आहेत. तुम्ही मिराशींचे मराठी पुस्तक वाचले असेल तर संदर्भ मिराशींचाच द्या. त्यात ब्यूलरचे मत आले असेल तर ‘ब्यूलर, मिराशी यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ असे लिहा. ब्यूलरचा १८८३चा खंड हातात न घेता तो थेट सूचीत घालण्याची सवय मोठमोठ्या प्रबंधांतही दिसते. तिचा तोटा असा की मधल्या लेखकाने पान चुकवले असेल तर ती चूक पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाते.

शंका : लघुप्रबंधाचा साम्य-अहवाल नऊ टक्के आला. दहाच्या आत आहे, म्हणजे काही चिंता नाही ना?
— एम.ए., शहापूर

विद्यापीठ अनुदान आयोगाचे याविषयीचे विनियम २०१८ सालचे आहेत. त्यात दहा टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांपर्यंतच्या मुदतीत दुरुस्त करून पुन्हा सादर करायचे. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. साठच्या वर गेले तर नोंदणी रद्द. योग्य श्रेय देऊन केलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर हे मोजणीतून वगळायचे असते. वर्गातले स्वाध्याय आणि प्रकल्प अहवाल या विनियमांत येत नाहीत, पण एम.ए.चा लघुप्रबंध येतो.

आता चिंतेचे. यंत्र शब्दांची जुळणी पाहते. तुम्ही इंग्रजी पुस्तकातली दोन पाने घेतलीत, वाक्यावाक्याने मराठीत उतरवलीत आणि संदर्भ दिला नाहीत, तर मराठी मजकुराशी जुळणारे काही सापडणार नाही आणि अहवाल शून्य टक्केही येऊ शकेल. तरीही ते दुसऱ्याचेच लेखन आहे. मराठी माध्यमातल्या प्रबंधांना लागलेला सर्वांत मोठा रोग मला हाच वाटतो, आणि तो लागतो बेइमानीमुळे कमी, ‘भाषांतर मी केले म्हणजे मजकूर माझा’ या समजुतीमुळे जास्त. कष्ट खरोखर तुमचे असतात. इंग्रजी कोश घेऊन रात्री जागलेले असता. पण कष्ट अनुवादाचे आहेत, विचार आणि माहिती त्या लेखकाची आहे.

मार्ग सोपा आहे. थेट अनुवाद केला असेल तर अवतरणचिन्हांत ठेवा, लेखक-वर्ष-पान द्या आणि पुढे ‘अनुवाद माझा’ असे लिहा. त्याने तुमच्या कष्टांचीही नोंद होते. सारांश स्वतःच्या शब्दांत लिहिला तर अवतरणचिन्हे काढा, पण लेखक-वर्ष राहू द्या. परिच्छेदाच्या शेवटी एकच कंस टाकून वरची बारा वाक्ये त्यात ढकलू नका. कोणते वाक्य त्यांचे आणि कोठून तुमचे मत सुरू झाले, ते दिसले पाहिजे. ‘चापेकरांच्या मते…’, ‘मला मात्र डोळखांब परिसरात वेगळे आढळले…’ अशी वाक्ये लिहायला लाजू नका. परीक्षक नेमकी तीच शोधत असतात.

नऊ टक्के कशाचे आहेत ते उघडून पाहा. सूचीचे आणि सरकारी नावांचे असतील तर निश्चिंत राहा. निष्कर्षाच्या प्रकरणातले असतील तर नऊही जास्त आहेत.

शंका : मोबाइलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने ठाकूर जमातीवरची दहा पुस्तके सुचवली. ग्रंथपालांना त्यांतली बरीच कोणत्याच सूचीत सापडत नाहीत.
— टोकावडे

कारण ती अस्तित्वातच नसण्याची शक्यता आहे. ही साधने पटण्याजोगे शब्द जुळवतात. लेखक खरा, प्रकाशक खरा, आणि पुस्तक कधीच न निघालेले, असे सर्रास होते. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या कार्यालयाला ५,००० डॉलरचा दंड केला, तो अशाच यंत्राने रचलेले खटले दाखले म्हणून सादर केल्याबद्दल.

जे पुस्तक, लेख किंवा त्याची स्कॅन प्रत तुम्ही उघडलेली नाही ते सूचीत घालू नका. या नियमाला अपवाद करू नका. ग्रंथपालांना मदतीसाठी विचारा. मराठी प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ पाहा. एखाद्या विषयाची सुरुवात करायला मराठी विश्वकोशातली नोंद वाचा. विश्वकोशाच्या नोंदीखाली लेखकाचे नाव असते. संदर्भ त्या लेखकाच्या नावे, नोंदीच्या शीर्षकासह आणि खंडासह द्या, नुसता ‘विश्वकोश’ नको. साधनाचा वापर भाषा सुधारायला केला असेल तर तसे प्रास्ताविकात सांगा आणि विभागाचा नियम काय आहे ते आधी विचारा.

शंका : निवृत्त शिक्षक आहे. माहुली किल्ला आणि आमच्या परिसराचा इतिहास लिहितो आहे. लोक म्हणतात त्या कथा, बखरी, घरातली मोडी कागदपत्रे, किल्ल्यांच्या संकेतस्थळांवरचे लेख, सगळे शेवटी ‘संदर्भग्रंथ’ म्हणून एकत्र दिले आहे. पुरे का?
— आसनगाव

गुरुजी, आपण हाती घेतलेले काम मोलाचे आहे, म्हणूनच मोकळेपणाने लिहितो : पुरे नाही. शेवटच्या यादीवरून कोणते विधान कशावर उभे आहे ते कळत नाही. १६३६ साली शहाजीराजांनी माहुलीवर मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे किल्ला सोडला आणि निजामशाहीचा शेवट झाला, याला समकालीन फारसी साधन आहे, अब्दुल हमीद लाहोरीचा ‘बादशाहनामा’. सभासदाची बखर त्या घटनेनंतर सुमारे साठ वर्षांनी लिहिली गेली. आणि वेढ्याच्या वेळी गडावर कोण-कोण होते, कोणत्या दरवाजाने कोण निसटले, याच्या गावातल्या कथा आहेत. तिन्ही द्या, पण तिन्हींना एकाच पंक्तीला बसवू नका. पहिल्यासाठी तळटीप, दुसऱ्यासाठी तळटीप आणि संपादित प्रतीचे नाव, तिसऱ्यासाठी ‘माहुलीच्या पायथ्याच्या गावांत अशी कथा सांगतात’ हे वाक्य आणि सांगणाऱ्याचे नाव. कथा गाळू नका. गावाने काय लक्षात ठेवले हाही इतिहासच आहे, फक्त तो १६३६चा पुरावा नव्हे.

लाहोरीचे उतारे आपण इंग्रजी अनुवादात वाचले असतील तर त्या अनुवादाचा संदर्भ द्या. संकेतस्थळावरच्या लेखात साधन दिलेले नसेल तर ते फक्त वाटाड्या समजा. त्याने सांगितलेले मूळ पुस्तक मिळाले तर ते वापरा, नाही तर विधान सोडून द्या.

घरातली मोडी कागदपत्रे हा आपल्या पुस्तकाचा खरा ठेवा ठरेल. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो अशाच घराघरांतल्या दप्तरांतून. प्रत्येक कागदाला क्रमांक द्या. कोणाच्या संग्रहातला, कागदावर आहे तशी मिती, आणि लिप्यंतर कोणी केले ते लिहा. शकाचे इसवी सन स्वतः केले असेल तर दोन्ही द्या. कागदाचे छायाचित्र परिशिष्टात छापलेत तर ज्याला मोडी येते तो वाचक आपले वाचन स्वतः तपासू शकेल.

शंका : सूचीत मराठी आणि इंग्रजी पुस्तके एकत्र लावायची की वेगळी? मराठी लेखक आडनावाने की नावाने?
— वासिंद

प्रबंध मराठीत असेल तर दोन वेगळ्या सूची वाचकाला सोयीच्या पडतात : आधी मराठी, वर्णक्रमाने, मग इंग्रजी. दोन्हींत आडनाव आधी, मग स्वल्पविराम आणि आद्याक्षरे. संपादित ग्रंथाला ‘संपा.’, अनुवादाला ‘अनु.’ आणि मूळ लेखक पुढे. शासकीय प्रकाशनाला व्यक्तीचे नाव नसेल तर खात्याचे नाव लेखकाच्या जागी येते. आवृत्ती पहिली नसेल तर ती नोंदवा, कारण पुनर्मुद्रणात पाने बदलतात आणि मजकुरात दिलेले पृष्ठांक जुळेनासे होतात. मुलाखतींचा तक्ता आणि अप्रकाशित कागदपत्रांची यादी या दोन्ही सूचींच्या आधी ठेवा.